कुवेतचा फोन आणि पापडीचा मोर्चा

अमेरिका इराकवर हल्ला करणार की नाही, यावर रोज पेपरात रकाने भरून येत होते, त्या मार्च महिन्यातली ही गोष्ट. चर्चमधली रविवारची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, संपता संपता फादरांनी नेहमीप्रमाणे सूचना वाचल्या. शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेच्या भक्तीची वेळ, रक्तदान शिबिराची जागा, आणि सगळ्यात शेवटी मोर्चा. पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता युद्धाच्या विरोधात मोर्चा निघणार होता, पापडीवरून वसईच्या तहसील कचेरीपर्यंत. सगळ्या धर्मांचे आणि सगळ्या पक्षांचे लोक येणार होते. "आपल्या गावातून घरटी एक माणूस तरी यावं," फादर म्हणाले.

आमच्या घरात माणसं तीनच होती. पंच्याहत्तरीला टेकलेल्या सासूबाई, दहा वर्षांची मुलगी आणि मी. हे कुवेतला होते. चर्चमधून घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "तूच जा. माझे गुडघे पापडीपर्यंत नाही टिकायचे."

मी बरं म्हटलं. युद्ध नको म्हणायला जायचं, त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला तेव्हा वाटलंच नाही.

मी मराठी शाळेत चौथीला शिकवत होते. सोमवारी स्टाफरूममध्ये कळलं की आमच्या मोठ्या बाईंनीही शाळेतर्फे मोर्च्याला जायचं ठरवलं आहे. चित्रकलेच्या बाईंनी पांढऱ्या कापडावर निळ्या रंगात अक्षरं काढली, 'युद्ध नको, संवाद हवा'. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, वसई स्टेशनजवळ फ्लॅट घेऊन राहत होत्या आणि आमच्या गावातल्या चर्चच्या आवारात तोपर्यंत कधी आल्याही नव्हत्या. कापडाच्या दोन्ही बाजूंना नेफा शिवून त्यात दोन बांबू घालायचे काम माझ्याकडे आलं. मी ते घरी आणून सासूबाईंच्या मशीनवर शिवलं. सगळं इतकं सहज चाललं होतं की शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी करतो आहोत असं वाटावं.

यांचा फोन शुक्रवारी यायचा, कारण तिकडे सुट्टी शुक्रवारची. मी शाळेतून येऊन चहा टाकते, त्याच वेळेला. आधी मुलीशी बोलणं व्हायचं, मग आईशी, मग माझ्याशी. त्या शुक्रवारी मी सहज सांगितलं, "परवा मोर्चा आहे. मी जाणार आहे."

"कसला मोर्चा?"

"युद्धाविरुद्ध."

"युद्धाविरुद्ध म्हणजे कोणाविरुद्ध?"

मला प्रश्न नीट कळला नाही. मी म्हटलं, "कोणाविरुद्ध म्हणजे काय? युद्ध होऊ नये म्हणून."

 मग हे शांतपणे म्हणाले, "इथं सगळ्यांना वाटतंय ते लवकर व्हावं. तो बगदादचा माणूस एकदाचा जावा. बारा वर्षं हे लोक त्याच्या भीतीत आहेत. मी पण." पुढे म्हणाले, "आणि आमच्या कंपनीला छावणीचं काम मिळालंय. अमेरिकन सैनिकांच्या तंबूंत एसी बसवतोय आम्ही. महिनाभर तेच चाललंय."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"त्यात काय सांगायचं? काम आहे." मग म्हणाले, "तू जा मोर्च्याला. फादर म्हणाले तर जायला पाहिजे."

मी फोन ठेवला. चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

हे समजण्यासाठी नव्वद साली काय झालं ते सांगायला हवं. माझं लग्न त्याच वर्षी ईस्टरनंतर झालं. हे जूनमध्ये परत कुवेतला गेले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला इराकचं सैन्य तिथे घुसलं. त्यानंतर सात आठवडे यांची काही खबर नव्हती. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. गावातली आणखी पाचसहा माणसं तिकडे होती, त्यांच्या घरीही तीच गत. संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात जमून आम्ही माळ घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणायचो आणि मग रेडिओ ऐकायचो. मी नवी सून होते. नवऱ्याबरोबर माझे जेमतेम दोन महिने गेले होते, आणि खरं सांगायचं तर काही दिवस त्याचा चेहराही मला नीट आठवत नव्हता. लग्नाचा फोटो बघून मी तो आठवून घ्यायची.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि हे उतरले. अंगावर कोणाचा तरी ढगळ शर्ट, हातात एक प्लास्टिकची पिशवी. बसने, ट्रकने, शेवटी पायी असे इराक ओलांडून ते जॉर्डनला पोहोचले होते. तिथे वाळवंटातल्या छावणीत दिवस काढून मग विमानाने मुंबई. तीन दिवस ते जवळजवळ झोपूनच होते. उशाला पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे, आणि तो रिकामा दिसला की घाबरेघुबरे होऊन उठून बसायचे. वाटेत काय झालं ते मी विचारलं की म्हणायचे, "झालं ते झालं."

त्या सात आठवड्यांत मी चर्चमध्ये गुडघे टेकून काय मागितलं होतं ते कोणाला सांगितलेलं नाही. मी युद्ध मागितलं होतं. देवा, त्या लोकांवर बाँब पडू देत, त्यांना तिथून हाकल, असं मी हात जोडून म्हटलं होतं. पुढच्या जानेवारीत खरंच बाँब पडायला लागले तेव्हा मला वाईट वाटलं नाही. नंतर कुवेत सुटलं, दोन वर्षांनी हे पुन्हा तिथेच कामाला गेले, आणि आमचं घर उभं राहिलं.

शुक्रवार आणि शनिवार मी हे सगळं मनात घोळवत होते. जाऊ नये असंही वाटत होतं आणि न जाण्याचं कारण काय सांगायचं तेही कळत नव्हतं. बॅनर माझ्याच घरी होतं. शनिवारी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, युद्ध झालं पाहिजे की नाही?"

त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "माझा मुलगा घरी आला पाहिजे. बाकीचं तू बघ."

रविवारी मी गेले.

आमच्या गावातूनच दीड-दोनशे लोक निघाले. पुढे फादर, मग सिस्टर, मग आम्ही. पुरुष पांढऱ्या शर्टात, म्हाताऱ्या बाया लाल लुगड्यात. चित्रकलेच्या बाई सांगितल्याप्रमाणे चर्चच्या दारात येऊन उभ्या होत्या, पायात बूट घालून. बॅनरचा एक बांबू त्यांनी धरला, एक मी. पापडीला पोहोचेपर्यंत प्रत्येक गल्लीतून माणसं येऊन मिळत होती. कॉलेजची मुलं, मशिदीकडून आलेली मंडळी, कामगार संघटनांचे लाल झेंडे, आगाशीकडून टेम्पोत बसून आलेली माणसं. पापडीच्या नाक्यावर मी मागे वळून बघितलं तर रस्ता दिसतच नव्हता, नुसती डोकी. दुकानदार दारात येऊन उभे होते. एसटीच्या बसेस एका बाजूला रांगेत अडकल्या होत्या आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसले होते. इतकी माणसं मी फक्त चर्चच्या मोठ्या सणालाच पाहिली होती. मला बरं वाटायला लागलं. इतके लोक म्हणताहेत म्हणजे बरोबरच असणार, असं वाटून मी घोषणाही द्यायला लागले. "युद्ध नको," असं पुढून कोणी म्हणायचं आणि आम्ही "शांती हवी" म्हणायचो. माझा आवाज वर्गात ओरडून तयार झालेला. चित्रकलेच्या बाई हसून म्हणाल्या, "बाई, तुम्हाला पुढे पाठवायला पाहिजे."

नाक्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो. तिथे सगळे गट एकमेकांत मिसळले. आमच्या शेजारी एक दुसरी रांग आली, हातात फलक धरलेली. काहींवर विमानाची चित्रं होती, काहींवर तेलाचे थेंब. आणि त्यात माझ्यापासून चार हातांवर एका माणसाने उंच धरलेला फोटो होता. लष्करी टोपी, मिशी, हसरा चेहरा. इराकच्या अध्यक्षाचा. फोटोला झेंडूचा हार घातला होता.

मी थांबले. बॅनर मध्येच खाली झुकलं. मागची माणसं माझ्यावर आदळली.

"काय झालं बाई? चला ना," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

"तो फोटो बघा."

"कोणाचा?" त्यांनी बघितलं. "हां, तो. मग?"

"माझे मिस्टर याच्यामुळे चालत आले होते," मी म्हटलं. "हार घातलाय त्याला."

त्या गोंधळल्या. त्यांना माझी हकिगत ठाऊक नव्हती, आणि रस्त्यात उभं राहून ती सांगण्यासारखी नव्हती. "मग काय करायचं?" त्यांनी विचारलं. मला तरी कुठे माहीत होतं. मी माझा बांबू मागून येणाऱ्या एका सिस्टरच्या हातात दिला आणि गर्दीतून आडवी जात त्या माणसापर्यंत पोहोचले.

माणूस चाळिशीतला होता, खिशाला पेन लावलेला, कपाळावर घाम. भांडायच्या तयारीने मी गेले होते, पण तो इतका साधा दिसत होता की माझा आवाज एकदम खाली आला.

"हा फोटो खाली घ्या," मी म्हटलं.

"का हो बाई?"

"हा माणूस चांगला नाही. यानेच आधी कुवेतवर सैन्य घातलं होतं. माझे मिस्टर तिथे होते. सात आठवडे ते जिवंत आहेत की नाही ते आम्हाला माहीत नव्हतं."

तो चालता चालता माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी वालीवला कंपनीत असतो. आमच्या युनियनने फलक वाटले, माझ्या हातात हा आला. धर म्हणाले, धरला."

"पण हा कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"अमेरिकेला घाबरत नाही, एवढं माहीत आहे." थोडं पुढे जाऊन त्याने विचारलं, "तुमचे मिस्टर आता कुठे असतात?"

"कुवेतलाच."

"म्हणजे युद्ध झालं तर तुमच्या दृष्टीने बरंच."

"नाही," मी म्हटलं. मग म्हटलं, "मला माहीत नाही."

"मग तुम्ही मोर्च्यात कशा?"

हे त्याने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी त्याच्या बाजूने चालत राहिले. आमच्या भोवती घोषणा चालू होत्या आणि त्यातली एकही मला धड ऐकू येत नव्हती. फादरांनी घरटी एक माणूस मागितलं म्हणून, असं सांगितलं असतं तर ते खरं होतं, पण एवढंच खरं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "तिथे लहान पोरं असतील ना, इराकमध्ये. माझ्या वर्गातल्यासारखी."

"तेच तर," तो म्हणाला.

मग त्याने फोटो उलटा फिरवला. मागे बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा होता, त्यावर छापील अक्षरं. हार पुढून होता तो आता दिसेनासा झाला. असाच पुठ्ठा उंच धरून तो चालत राहिला. पन्नास पावलंही झाली नसतील, मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, उलटं धरलंय. सरळ करा." त्याने माझ्याकडे बघितलं. मी पायाखालच्या रस्त्याकडे बघत चालत राहिले.  त्याने फोटो हळूच सरळ केला, पण मघाच्यापेक्षा बराच खाली, छातीजवळ धरला. मी मागे राहिले आणि आमचं बॅनर येईपर्यंत रस्त्याच्या कडेला थांबले.

तहसील कचेरीसमोर पोलिसांनी मोर्चा अडवला. लोक मावत नव्हते. पुढारी, फादर आणि एक मौलवी असे पाचसहा जण आत निवेदन द्यायला गेले. बाहेर भाषणं झाली. एका वक्त्याने सांगितलं की या युद्धातून ज्यांचं पोट भरतं त्यांचा आपण धिक्कार केला पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चित्रकलेच्या बाईंनीही वाजवल्या. माझ्या हातात बांबू होता, त्यामुळे मला टाळी वाजवावी लागली नाही. तंबूत एसी बसवणाऱ्या माणसाची मी बायको होते आणि माझ्या अंगावरची साडी त्याच पगारातली होती. हे त्या वक्त्याला जाऊन सांगावं असं मला वाटलं. पण सांगून त्याने काय करावं अशी माझी अपेक्षा होती, ते मलाच कळेना.

परत येताना बसस्टँडवर आम्ही दोघींनी उसाचा रस घेतला. बाई म्हणाल्या, "तुम्ही आज फार त्रास करून घेतलात. मी तर आले, चालले, झालं."

"तुम्हाला काय वाटतं, थांबेल युद्ध?"

"आपल्यामुळे?" त्यांनी ग्लास ठेवला. "नाही हो. पण घरी बसून तरी काय केलं असतं? रविवारची झोपच काढली असती ना."

युद्ध थांबलं नाही. दहाबारा दिवसांत ते सुरूही झालं. टीव्हीवर हिरव्या उजेडात बगदाद दिसायचं आणि सासूबाई माळ हातात घेऊन पडद्यासमोर बसायच्या. यावेळी फोन चालू होते, एवढा फरक. यांचा फोन शुक्रवारची वाट न पाहता आला. कुवेतवरही क्षेपणास्त्रं येत होती, भोंगे वाजत होते. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, तोंडाला गॅस मास्क बांधून हे आणि बरोबरची माणसं एका खोलीत बसून राहायची.

मी विचारलं, "तुम्हाला पाहिजे तसंच होतंय ना?"

मी हे कुत्सितपणे विचारलं नव्हतं, पण तसं ऐकू गेलं असावं.  मग म्हणाले, "रोज विमानं इथून वरून जातात. इराककडे, बसऱ्याच्या दिशेने."

"हो."

"नव्वदला निघालो तेव्हा आम्ही बसऱ्याला थांबलो होतो. बस बंद पडली होती. एका शाळेत. सुट्टी होती, शाळेला कुलूप होतं. तिथल्या बाईंनी येऊन वर्ग उघडून दिला. साठ-सत्तर माणसं आम्ही, बाकं बाजूला सारून झोपलो. दुसऱ्या दिवशी त्या बाई घरून रोट्या घेऊन आल्या. त्यांच्याकडेही फार काही नव्हतं, दिसत होतं."

बारा वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? ज्यांच्या सैन्याने हाकललं त्यांच्याच बाईने जेवू घातलं, हे कोणाला सांगणार? तेव्हा इथं सगळे चिडलेले होते." मग म्हणाले, "विमान गेलं की मला ती शाळा आठवते. आणि सकाळी उठून मी त्या विमानवाल्यांचेच एसी बसवायला जातो."

मग मुलीला फोन दिला. ती आपल्या परीक्षेचं वेळापत्रक सांगत बसली.

छावणीचं ते काम पुरं करून हे पुढच्या वर्षी मे महिन्यात कायमचे परत आले. वालीवला एका ओळखीच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये फ्रिजदुरुस्तीचं काम बघायला लागले. फोटोची गोष्ट मी फोनवर सांगितलेली नव्हती. घरी आल्यावर पंधराएक दिवसांनी, घरामागच्या केळीच्या बागेत पाणी सोडत असताना सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी असतो तर फाडलाच असता."

 त्यांनी फावड्याने पाण्याची वाट दुसऱ्या ओळीकडे वळवली आणि पाणी शेवटच्या केळीपर्यंत जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.

"तो माणूस काय म्हणाला म्हणालीस, लहान पोरांचं?"

"ते मी म्हणाले. तो म्हणाला, तेच तर."

"हं," हे म्हणाले. "मग नसता फाडला. माहीत नाही." आणि पंप बंद करायला विहिरीकडे गेले.